सुभाषमामा सुरतेहून आला तेव्हा

सुरत म्हटलं की आमच्या घरात साड्यांची आठवण व्हायची. आईचा धाकटा भाऊ सुभाष तिथल्या एका छपाईच्या मिलमध्ये कामाला होता. दिवाळीला आला की त्याच्या पिशवीत, छपाईत रंग जरासा सरकला म्हणून मिलने स्वस्तात काढून टाकलेल्या साड्या असायच्या. एक आई ठेवायची, बाकीच्या गल्लीत जायच्या. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका सणासुदीला मामाने आणलेल्या साड्या नेसायच्या, आणि तो ओट्यावर बसून प्रत्येकीच्या पदराकडे बघत, "सिंधूकाकू, ह्या मोराची मान मीच वाकडी करेल शे," असं म्हणून सगळ्यांना हसवायचा. तो तेव्हा पंचविशीच्या आतलाच होता. मोठ्याने बोलायचा, जेवताना गुणगुणायचा, अहिराणीत गुजराती मिसळून आम्हा बहिणींना अशा शिव्या द्यायचा की त्या आम्हाला लाडासारख्या वाटत.

आम्ही जळगावात एका ओळीने बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांत राहायचो. समोर सामाईक नळ, नळाभोवती फरशी, आणि फरशीवर दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या घागरीचा आवाज. वारा फिरला की दालमिलकडून भाजल्या डाळीचा वास यायचा. नाना, म्हणजे माझे वडील, एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. त्यांच्या बोटांच्या रेघांतलं ऑइल कितीही साबण लावला तरी जायचं नाही. आई अमळनेरकडच्या खेड्यातली. ती आमच्याशी, नळाशी, चुलीशी, सगळ्यांशी अहिराणीतच बोलायची. नाना शहरातली मराठी बोलायचे. आम्ही मुली ज्याला जशी लागेल तशी. सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापताना आईच्या हातांचा जो ठेका असायचा, त्यावर मला जाग यायची. आता माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या करायला बाई येते. ती चांगल्या करते, पण तिला ठेका नाही.

गुलाबाईचे, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याचे, दिवस होते. मी अकरावीला होते, म्हणजे गुलाबाईच्या गाण्यांना जरा मोठीच, पण धाकट्या बहिणीच्या निमित्ताने मीही दारोदार जायचे. कुणाच्या डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायचं, चुकलं की पुन्हा ओळखायचं. त्याच दिवसांत एका संध्याकाळी गाणी चालू असताना शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी मोठा केला. सुरतेत प्लेग. आमच्यापैकी कुणी प्लेग पाहिलेला नव्हता. तो शाळेच्या पुस्तकातला शब्द होता. पण म्हाताऱ्यांनी लगेच गावं ओस पडल्याच्या, लोक मळ्यात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी काढल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीचं रूप पालटलं. मेडिकलच्या दुकानांतल्या कॅप्सूल संपल्या. लोक नाकाला रुमाल बांधून सायकली चालवू लागले. बायकांनी कापराच्या पुरचुंड्या पोरांच्या गळ्यात अडकवल्या. कुठे उंदीर मेलेला दिसला की त्याच्याभोवती लांबून गोल करून माणसं उभी राहायची.

आई मात्र दिवसभर एकच बोलायची. "सुभाष तठे शे."

तो आला तो भर दुपारी. सुरतेकडून येणाऱ्या गाड्या त्या दिवसांत दारांतून माणसं लोंबकळत येत होत्या, त्यातल्याच एकीने. मी ओट्यावर धान्य निवडत होते. गल्लीच्या तोंडाशी तो दिसला. दाढी वाढलेली, शर्ट मळलेला, हातात एक वायरची पिशवी. नळावरच्या बायका घागरी तशाच टाकून मागे सरकल्या. तो ओट्यापासून बराच लांब थांबला.

"अक्का, मी आठेच बठस. मझार येत नही," तो म्हणाला. आत येत नाही.

आई दारात आली. "काबर? ताप शे का तुले?"

"नही. पन काय सांगता येस?"

"मंग मझार ये. तुले बाहेर बसाडाले मी काय परकी शे का?" असं म्हणत आई ओटा उतरून गेली आणि तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली. सगळी गल्ली बघत असताना तिने त्याचा हात धरून त्याला आत नेलं. मला वाटतं, गल्लीने आम्हाला माफ केलं नाही ते त्या हात धरण्याबद्दल.

नाना आगारातून आले आणि त्याला तसंच सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, मान आणि काखा चाचपल्या, गोळ्या दिल्या, काही दिवस वेगळं ठेवा, पण काही झालेलं नाही म्हणाले. नानांनी ते गल्लीत मोठ्याने सांगितलं. कुणी वाद घातला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी नळावर आमची घागर सगळ्यांच्या शेवटी लागली. गुलाबाईच्या मुली आमच्या दारावरून गाणं न म्हणता पुढे गेल्या, आणि धाकटी उंबऱ्यावर खाऊचा डबा घेऊन बसून राहिली. घरमालक काका सज्जन माणूस. ते रस्त्यात उभे राहूनच नानांना म्हणाले, "राग नका मानू, पण पाहुण्याला आठ-पंधरा दिवस शेतात कुठे ठेवता आलं तर बघा. माझ्या घरात तान्हं बाळ आहे." खरंच होतं ते. त्यांच्या सुनेचं बाळंतपण नुकतंच झालं होतं. मागच्या महासाथीत आमच्या सोसायटीत एका घरावर लाल फलक लागला तेव्हा मीही जिन्याने जाताना श्वास रोखून धरत होते. भीती काही वाईट माणसांनाच वाटते असं नाही.

मामाला मागच्या खोलीत खाट टाकून दिली. ठरलेले दिवस तो तिथे राहिला, ते संपले, त्याला ताप आला नाही, खोकला आला नाही. आता तो बाहेर येईल, ओट्यावर बसेल, असं आम्हाला वाटलं. तो आलाच नाही. साबणाने हात धुवायचा, पुसायचा, पुन्हा धुवायचा. बोटांच्या पेरांवरची कातडी निघून लाल झाली. बोलता बोलता हात काखेत जायचा, गाठ आहे का बघायला. मला बोलावून डोळे ताणायचा आणि विचारायचा, "लाल दिसतस का? खरं सांग." मी नाही म्हटलं की त्याचा विश्वास बसायचा नाही, आणि थोड्या वेळाने तो माझ्या धाकट्या बहिणीला बोलवायचा. झोप तर उडालीच होती. मग खाणं गेलं. आई त्याच्या आवडीची शेवभाजी करायची, रस्सा लालभडक, वर तेलाची तर्री. तो भाकरी कुस्करायचा आणि ताट तसंच सरकवायचा. गाणं तर मी ऐकलंच नाही. ज्या घरात तो असताना आवाजाने भिंती हलायच्या, तिथे तो असून नसल्यासारखा झाला.

एका संध्याकाळी नाना आगारातून आले ते चप्पल न काढताच चुलीपाशी बसले. पाचोऱ्याकडचा एक माणूस, सुरतेहून आलेला, त्याला गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं. त्याने जीव दिला. ड्रायव्हर लोकांत बोलणं चाललं होतं. "तपासलं तर काहीच नव्हतं म्हणे त्याला," नाना म्हणाले. "रोगाने नाही मेला. एकटा पडून मेला." आई पीठ मळत होती. तिचे हात थांबले आणि तिने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. मामाने ऐकलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि त्याची पाठ मला अजून दिसते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी भिकाची आई आली. भिका हा मामाच्या गावचाच, मामाबरोबर सुरतेला गेलेला, एकाच खोलीत राहणारा. मामाच्या गोष्टींत तो इतका असायचा की न बघताच आम्ही त्याला ओळखायचो. त्याची आई गावाहून एसटीने एकटीच आली होती. ओट्यावर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही. आईने मामाला बाहेर बोलावलं.

"सुभाष, मन्हा भिका कथा शे?" ती म्हणाली. "तू ते त्यान्हा संगे व्हता ना?"

मामा चौकट धरून उभा होता. "मांगेतीन येस म्हने, मावशी," तो म्हणाला. मागून येतो म्हणाला होता.

"बरा व्हता ना तो?"

"बरा व्हता."

ती त्याच्या तोंडाकडे बघत पदर सावरून उठली. आई तिला स्टँडपर्यंत सोडायला गेली. मी आत भांडी घासत होते. मामा चपला घालताना दिसला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा बाहेर पडत होता, म्हणून मला बरंच वाटलं. "कुठे चाललास?" मी विचारलं. "जरासा पाय मोकळे करतो," तो म्हणाला, आणि जाताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं तो कधी करत नसे. तो शिव्या द्यायचा, वेणी ओढायचा. आई परत आली तेव्हा मी तिला ते सहज सांगितलं, आणि तिचा चेहरा पाहून मी काय सांगितलं ते मला कळलं.

आम्ही दोघी बाहेर पडलो. गल्लीच्या टोकाला सायकल दुरुस्त करणारा होता. त्याने तलावाच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. आई पळत नव्हती, पण तिच्याबरोबर राहायला मला पळावं लागत होतं. तलावाच्या काठावर त्या वेळी म्हशी धुणारे दोघे-तिघे लांब होते, बाकी उन्हाचा चमचमाट. मामा पाण्याला अगदी लागून असलेल्या एका दगडावर बसला होता. मी हाक मारणार होते. आईने माझं मनगट दाबलं. ती सावकाश त्याच्याजवळ गेली आणि शेजारी बसली, जशी घरी ओट्यावर बसते तशी. मी मागे उभी.

"सुभाष," ती म्हणाली, "मराले उना का तू आठे?"

मरणं हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. मेलेल्या माणसाबद्दलसुद्धा 'गेला' म्हणायचे. मला वाटलं, आईने असं विचारायला नको होतं, आता तो भलतंच करेल. पण मामाने तिच्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्याने कुणाकडे तरी धड पाहिलं.

"हा, अक्का."

मग त्याने सांगितलं. भिकाला ताप भरला होता. खोलीत दोघंच. बाहेर लोक सामान घेऊन पळत होते. भिका म्हणाला, गोळी आणून दे. मामा गोळी आणायला खाली उतरला, दुकान बंद, रस्त्याने सगळी माणसं स्टेशनकडे चाललेली, आणि त्यांच्याबरोबर त्याचेही पाय चालू लागले. "मी त्याले सोडी उनू, अक्का. तो वाट देखत व्हई." एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. भिका माझी वाट बघत असेल.

आईने त्याला समजावलं नाही. तुझं चुकलं असं म्हणाली नाही, चुकलं नाही असंही म्हणाली नाही. त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं, मग पदराने त्याचं तोंड पुसलं. "परत असं मनमा उनं ते पयले माले सांग," ती म्हणाली. "मी निजेल ऱ्हासू ते उठाड. मी रागवाव नही. पन माले सांग." मी झोपले असले तरी उठव. मग तिने हात पुढे केला. त्याने तो धरला आणि उठला. परतताना त्याच गल्लीतून आम्ही आलो. सिंधूकाकू नळावर होती. तिने आमच्या तिघांकडे पाहिलं, घागर भरायची थांबली आणि काही न विचारता नळ आईसाठी सोडून बाजूला झाली.

त्या दिवसापासून मामा एकटा असा राहिलाच नाही. कुणीतरी त्याच्याजवळ बसायचं, अभ्यास, निवडण, शिवण तिथेच. नानांनी सुरतेहून आलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरांकडे भिकाची चौकशी लावली. आणि एका सकाळी भिका स्वतःच आमच्या दारात उभा राहिला. हडकलेला, डोकं भादरलेलं, पण हसरा. त्याच्या शेजारच्या खोलीतल्या एका गुजराती कुटुंबाने त्याला दवाखान्यात नेलं होतं. "अरे, माले प्लेग कसाना? मलेरिया व्हता!" तो मामाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. आम्ही सगळे रडलो, हसलो. आईने गोडाचा शिरा केला. मला वाटलं, संपलं. आता मामा पहिल्यासारखा होणार.

झाला नाही. भिका समोर बसून शिरा खात होता आणि मामा त्याच्याकडे धुक्यातून बघावं तसा बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने आंघोळ केली नाही. तिसऱ्या दिवशी आईला हाक मारून म्हणाला, "अक्का, परत मनमा उनं." ज्या गोष्टीने तो खचला होता ती गोष्टच उरली नव्हती, तरी तो खचलेलाच होता. आम्हाला काही कळेना. नानांना मात्र तिथेच कळलं. "इंजिन एकदा तापून जाम झालं की नंतर पाणी ओतून चालत नाही," ते म्हणाले. "खोलावं लागतं. याला डॉक्टर पाहिजे."

जळगावात नको, कुणीतरी बघेल, म्हणून धुळ्याला जायचं ठरलं. नानांच्या पासवर पारोळ्यावरून आम्ही गेलो. आईला डॉक्टरांचं बोलणं नीट कळावं म्हणून मीही. सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक छोटी ओपीडी होती. बाकावर बसलेली माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली, आणि मग वहीतून मान वर करून सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

नाना अस्वस्थ झाले. "मॅडम, असं तोंडावर…"

"विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते येत नाही, काका," त्या म्हणाल्या. "आलेलं असतं, ते बाहेर पडतं."

मी आईकडे पाहिलं. तिला ते वाक्य अहिराणीत सांगायची गरज नव्हती.

त्यांनी हा आजार आहे असं सांगितलं. वेड नव्हे, भित्रेपणा नव्हे, आजार. भीती, जागरण, माणसांनी टाकणं, मनाला लागलेली टोचणी, यातून तो माणसाला धरतो आणि मग कारण सरलं तरी आपल्या पायांवर उभा राहतो. गोळ्या लगेच लागू पडणार नाहीत, मध्येच सोडायच्या नाहीत. घरी आल्यावर नानांनी गोळ्या कपाटात लपवल्या नाहीत, ताटाशेजारी ठेवल्या. ताप आलेल्या माणसाच्या ठेवतात तशा.

बरं होणं हे डोळ्यांना दिसत नाही. गुलाबाई उठल्या, दिवाळी होऊन गेली, भरताच्या वांग्यांचे दिवस आले. एकदा त्याने भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार केली, तर आई आत जाऊन रडली. एकदा तो नळावर गेला आणि स्वतः घागर भरून आणली. कधी तीन पावलं पुढे, कधी चार मागे. हिवाळ्याच्या उबदार उन्हात ओट्यावर बसलेला असायचा आणि गल्लीतल्या बायका येता-जाता विचारायच्या, "काय सुभाषभाऊ, कसं काय?" त्यांनाही कुठेतरी लागलं असावं.

मग एक दिवस तो म्हणाला, "अक्का, माले भिकानी मायकडे जानं शे." भिका परत सुरतेला गेला होता. मामाला त्याच्या आईला भेटायचं होतं. आपण तिच्या तोंडावर खोटं बोललो, ते त्याच्या मनातून जात नव्हतं. आई, तो आणि मी, तिघं गेलो. तिचं घर गावाच्या कडेला. ती अंगणात चुलीवर भाकरी करत होती. मामाने वाकून नमस्कार केला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. गोळी आणायला उतरलो, आलोच नाही. तुम्ही विचारलं तेव्हा बरा होता म्हणालो. बोलताना त्याचे हात काखेकडे जात नव्हते.

म्हातारीने भाकरी उलटली. "भिकानी माले बठ्ठं सांगेल शे," ती म्हणाली. "तुन्हावर माले राग उना व्हता. लई उना. दोन रोज मी जेवनू नही." मग तिने वर पाहिलं. "पन तुन्हा जागे तो ऱ्हाता ते तो बी पयी येता." तोही पळून आला असता. "मन्हा पोऱ्या शे, माले ठाऊक शे. बठ आते. भाकर गरम शे."

तो बसला. तिने ठेचा वाढला, दह्याची वाटी सरकवली. त्याने पहिली भाकरी संपवली आणि दुसरीसाठी ताट पुढे केलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. मीही तिच्याकडे बघत नव्हते. त्या वेळी कुणी कुणाकडे पाहिलं असतं तर त्याचं जेवण राहिलं असतं.

परतीच्या गाडीत तो खिडकीपाशी बसला. धरणगाव मागे पडलं आणि त्याची मान कलंडली. शेजारी एक धोतरवाले बाबा होते. मामाचं डोकं त्यांच्या खांद्यावर पडलं, तोंड उघडं, घोरणं सुरू. कित्येक महिन्यांत त्याला गोळीशिवाय अशी झोप लागलेली मी पाहिली नव्हती. बाबांनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि खांदा तसाच स्थिर ठेवला. आमचा थांबा जवळ आला. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला आणि म्हणाला, "बाई, उठवा ना पाहुण्याला. तुमचा स्टॉप आला."

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "त्याले निजू द्या. आम्ही पुढला स्टँडवर उतरसू, पायी येसू."

गाडी थांबली नाही. आमची गल्ली खिडकीतून मागे गेली.